पाणसळ

माणसाच्या आतल्या कानात खडू असतो. म्हणजे खडूचाच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. त्याचे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे स्फटिक एका चिकट पडद्यावर रुतून बसलेले असतात. मान कलती झाली की ते आपल्या वजनाने सरकू पाहतात, त्यांच्याखालच्या पेशींचे केस वाकतात, आणि वर कुठे, खाली कुठे, हे आपल्याला डोळे मिटूनही कळतं. हेच स्फटिक जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरले, की कूस बदलताच खोली गरगरू लागते. माझ्या नवऱ्याला एका हिवाळ्यात हे झालं. डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवत स्फटिक परत जागी नेले. भोवळ थांबली, पण जमिनीवरचा ह्यांचा भरवसा पुरता परत आला नाही. अंथरूण जरासं कललेलं असलं तरी हे रात्रभर जागे राहतात.

आणि आमचा उन्हाळा जातो तो छोट्या मोटरहोममध्ये. एडिंबरा सोडून वायव्येला निघालं की सपाट जमीन दुर्मीळ होत जाते. डर्नेसला कड्यावरच्या गवतात गाडी लावावी, खाली उत्तरेचा समुद्र, आणि जागा अशी की बघणाऱ्याला उतार दिसतही नाही. पण गाडीला तो असतो. आमच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३.५ मीटर अंतर आहे. तेवढ्या लांबीत ३ अंशांचा उतार म्हणजे एक टोक १८ सेंटिमीटर खाली. पातेल्यातलं वरण एका काठाला जातं, न्हाणीतलं पाणी जाळीपासून दूर कोपऱ्यात साठतं, कपाटाचं दार आपसूक उघडतं. हे सगळं सोसता येतं. झोप नाही सोसता येत.

प्लॅस्टिकचे उतरते ठोकळे आमच्याकडे होते. ते चाक १० सेंटिमीटरच्या आसपास उचलतात, म्हणजे ह्या उताराला निम्मेच पुरतात. शिवाय गाडी बहुतेक वेळा लांबीतही कललेली असते आणि रुंदीतही. एकाने पावसात उभं राहून हात दाखवायचा, दुसऱ्याने क्लच सांभाळत इंचभर चढायचं, मग आत येऊन पाणसळ बघायची. ह्यांना खाली वाकलं की अजूनही तोल जातो. म्हणून आपोआप समतल करणारी यंत्रणा बघायची ठरली.

दुकानदार पहिल्यांदा फ्रिजचं कारण सांगतात. ते खोटं नाही. गॅसवर चालणारा फ्रिज १९२२ साली स्टॉकहोमच्या बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स ह्या दोन विद्यार्थ्यांनी घडवला. त्यात पंप नाही, फिरणारा भाग नाही. अमोनियाचं द्रावण गुरुत्वाने खाली उतरत राहतं. तो जास्त कलला की द्रावण अडतं आणि गारवा थांबतो. मला ही रचना फार सुंदर वाटते. पण आमचा फ्रिज कॉम्प्रेसरचा आहे, त्याला उतार चालतो. आमचा प्रश्न माणसाचा होता.

एअर सस्पेन्शन चारी चाकांवर बसवलं, तर फुगे कमीजास्त फुगून गाडी सपाट होते. रस्त्यावरही ती मऊ चालते. पण फुग्यांच्या हालचालीला हद्द आहे, आणि मुख्य म्हणजे गाडी शेवटी स्प्रिंगसारख्या हवेवरच उभी राहते. रात्री मी पाणी प्यायला उठले की ती होडीसारखी डुलते. हायड्रॉलिक पायांचं तसं नाही. १२ व्होल्टच्या पंपाने तेल दाबलं की चार पोलादी पाय जमिनीला टेकतात, वजन स्प्रिंगांवरून उतरून त्यांच्यावर येतं आणि गाडी थिर होते. उतार ओळखणारा संवेदक म्हणजे सिलिकॉनच्या चिपवर बारीक स्प्रिंगांनी धरलेलं सूक्ष्म वजन: गाडी कलली की ते सरकतं. कानातल्या स्फटिकांचंच काम. ज्यांच्या कानाने एकदा दगा दिला, त्यांच्यासाठी हे काम गाडीने उचलावं, असं मला मनापासून वाटलं. मी पायांच्या बाजूने कौल दिला.

किंमत पैशापेक्षा वजनात जास्त पडली. आमच्या परवान्यावर भरलेली गाडी ३,५०० किलोच्या आत हवी, आणि असे पाय बनावटीप्रमाणे ५० ते ८० किलो खातात. १०० लिटर पाणी भरलं की तेच १०० किलो. वजनकाट्यावर गाडी नेली आणि एकेक वस्तू उतरवली: सायकली, त्यांचा स्टँड, दुसरा गॅस सिलिंडर. पाणी आता निघताना भरत नाही, मुक्कामाजवळ भरतो. भाकरीचा लोखंडी तवा ह्यांनी उतरवू दिला नाही.

यंत्राला सगळं कळतं असं नाही. हँडब्रेक मागची चाकं धरतो. ती दोन्ही अधांतरी झाली तर त्याचा उपयोग संपला. म्हणून जागा अजूनही माणसानेच बघावी लागते. आणि बेटांवर जमीनच वेगळी. हॅरिस आणि यूस्टच्या पश्चिम किनाऱ्यांवर मॅखर नावाची कुरणं आहेत: शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत आणून घातलेला, त्यावर गवत, जूनपासून रानफुलं. तोही कॅल्शियम कार्बोनेटच. गाडीचं तीनेक टन वजन चार लहान तळव्यांवर आलं की ते त्या भुसभुशीत वाळूत रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली रुंद फळी लागते. फळ्या मी घालते. बटण हे दाबतात, आणि पंप थांबेपर्यंत पलंगावर तळहात ठेवून बसतात. ह्यांना आकड्यापेक्षा त्या हाताचा भरवसा जास्त.

मागचे पाय मिटल्यावरही गाडीच्या पोटाखाली थोडे उतरलेले राहतात. उलापूलहून स्टॉर्नोवेच्या बोटीत चढताना ओहोटी असली की धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि मागची बाजू घासू शकते. बसवणाऱ्याला आम्ही ते पाय जमतील तितके वर आणि मागच्या आसाजवळ घ्यायला सांगितलं. त्याने ते मुकाट्याने मोजून घेतलं.