येळवशीची भज्जी

जनवाडा कोठे आले, असे गोमंतकातील आमचे स्नेही विचारतात. बिदरहून औरादेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मांजरा नदीच्या अलीकडे, एवढ्याने त्यांचे समाधान होते. पुढचा प्रश्न मात्र आम्हांस अडवतो : "म्हणजे तुम्ही कानडी?"

आमचा जन्म निजामाच्या राज्यातला. वडील हिशेब उर्दूत लिहीत. आजी देवापुढे मराठीत बोले, गड्यांशी कानडीत, आणि आम्हां पोरांवर संतापली म्हणजे थेट दखनीत. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याची भाषावार वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले (आज हे तालुके लातूर जिल्ह्यात आहेत). आम्ही म्हैसूरकडे राहिलो. आमचे आजोळ उदगिरास. मामा एका रात्रीत परराज्यातले झाले, याची आम्हांस मोठी गंमत वाटली. आईला वाटली नाही. निजामाच्या सरहद्दीवर असे तसे करोडगिरीचे नाके आता येथेही बसतील काय, आणि पंचमीला माहेरी जाताना गाठोडे सोडून दाखवावे लागेल काय, हे ती ज्याला त्याला विचारीत असे. नाका बसला नाही. तिचे विचारणे मात्र पुष्कळ दिवस चालले.

मार्गशीर्षातली अमावास्या आली की हे सारे विसरायला होई. तीच आमची येळवस. शाळू डोक्याच्या वर गेलेला, त्यात कडब्याची कोप, कोपीत चुन्याने रंगवलेले पाच पांडव. बायका डोक्यावर आंबिलीचे मडके घेऊन बांधाबांधाने येत. तुरीच्या, वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची, चिंच आणि बेसन लावलेली भज्जी. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली ज्वारीची आंबील. (गोव्याची नाचण्याची आंबील आम्ही आवडीने पितो, पण ज्वारीच्या आंबिलीची सर तिला नाही, हे आमचे मत येथे कोणी मान्य करीत नाही.) त्या दिवशी वाटसरूलाही हाताला धरून पंगतीत बसवीत, जात अगर भाषा विचारण्याची रीत नव्हती. पुरुष पिकाभोवती आंबील शिंपडीत फिरत आणि मोठ्याने घोष करीत. त्याचे शब्द कानडी की मराठी, हे आम्ही कधी विचारले नाही. पोरांना ओरडायला मिळाल्याशी काम. कानडीत तिळाला एळ्ळ म्हणतात, आणि येळवस हा शब्द त्या 'एळ्ळ अमावास्ये'वरूनच आला, असे जाणते सांगत. गंमत अशी की लातूरकडचा अस्सल मराठी शेतकरीही या सणाला येळवसच म्हणतो. वाटणी करणाऱ्यांनी तालुके मोजले. हा शब्द कोणाच्या वाट्याला गेला, कोण जाणे.

१९७१ साली नोकरीनिमित्त आम्ही गोव्यात आलो आणि येथलेच झालो. नातवंडे आमच्याशी कोंकणीत बोलतात, कानडी एकालाही येत नाही. सूनबाई फोंड्याच्या. येळवशीला त्या आठवणीने भज्जी करतात आणि शेंगांचे दाणे कमी पडले तर तांबडी भाजी चिरून घालतात. आईने हे चालवून घेतले नसते. आम्ही दोनदा वाढून घेतो.