तुम्हाला योग्य वाटेल ते करा

भारतातून फोन आला की एक प्रश्न ठरलेला. "तू तिकडे नक्की करतेस काय गं?" मामा तर सरळ सांगतो, भाची विलायतेत हाडवैद्य आहे. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. फक्त इथे ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ असं नाव लावायला नोंदणी लागते, १९९३ च्या कायद्याने. ती टिकवायची तर शिकत राहायचं. २०१८ साली आलेल्या योजनेप्रमाणे तीन वर्षांत ९० तास, त्यातले निम्मे इतरांबरोबर, आणि शेवटी एका सहव्यावसायिकासमोर बसून या सगळ्यावर बोलायचं. (परीक्षा नव्हे म्हणे. पोटात गोळा येतोच!)

आमचा चौघांचा गट आहे. महिन्यातून एकदा, दवाखाना बंद झाल्यावर, एक जण एक केस मांडतो, नावगाव काढून. आमच्यातले बरेच जण एकेकटे काम करतात. दार लागलं की आत पेशंट आणि आपण. वरिष्ठ नाहीत, राउंड नाही, 'जरा बघतोस का' म्हणायला शेजारी कुणी नाही. म्हणून या गप्पांची किंमत तासांपेक्षा जास्त.

गेल्या खेपेला माझी पाळी होती. मी एका मराठी काकूंची केस मांडली (त्यांना विचारून, तपशील बदलून). मुलाकडे आलेल्या, साठीच्या आतल्या, मान आखडलेली. तपासून झाल्यावर मी दोन वाटा सांगितल्या. एक, हळू हाताने स्नायू मोकळे करणं आणि व्यायाम. दुसरी, मानेला नेमका झटका देणं. झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो, फार क्वचित, पण होऊ शकतो, हेही मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, डॉक्टरीणबाई."

मी त्या दिवशी हळू हाताचंच काम केलं आणि प्रश्न गटात नेला. ही संमती म्हणायची का?

पहिली म्हणाली, अजिबात नाही. तिने २०१५ चा माँटगोमेरी खटला काढला. मधुमेही आईच्या बाळंतपणाचा तो खटला. त्या विशिष्ट पेशंटला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितलाच पाहिजे, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. दुसरा म्हणाला, दुसऱ्यावर सोपवणं हाही निर्णयच की. मला त्याचं पटत होतं, अजूनही थोडं पटतं. आपल्याकडे हे वाक्य आदराने म्हणतात. माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. तसं मी जरा तावातावानेच सांगितलं.

तिसरी फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "पुढच्या वेळी तिला विचार, तुझ्या बहिणीला असाच त्रास असता तर तू तिला काय करू देऊ नको म्हणाली असतीस?"

असो. विचारलं. काकू पटकन म्हणाल्या, "मान मोडू देऊ नको म्हणेन!" आणि हसल्या. मग हळूच बाकीचं आलं. मुलाने चार वेळांचे पैसे आधीच भरले होते. एवढे पौंड घातल्यावर हे नको, ते नको म्हणायचं म्हणजे त्याला काय वाटेल, आणि सुनेलाही. दोन रात्री त्यांना नीट झोप नव्हती. मानेमुळे नव्हे.

माझा मराठीचा अभिमान तिथे जरा गप्प झाला. भाषा एक होती, पण हे माझ्या मनातही आलं नसतं.

झटका बाद, असं नोंदीत काकूंच्या शब्दांतच लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. उरलेल्या पैशांचं मुलाशी मी बोलू का, असं विचारलं.

"नको," म्हणाल्या, "ते मी सांगते त्याला. तुम्ही फक्त व्यायाम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या."