थांबण्याची ऐपत कुणाची, किंमत मोजायची कुणी?

'डेफरल' हा शब्द कोरोनाच्या काळात आपल्या मुलांच्या तोंडी आला. अर्थ साधा आहे. विद्यापीठाने प्रवेश दिला, पण यंदा जाणे जमत नसेल तर जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची. ऐकायला हे माणुसकीचे वाटते आणि बऱ्याच अंशी ते तसे आहेही. पण राखून ठेवलेली जागा आकाशातून पडत नाही. जागा वाढवल्या नाहीत तर ती पुढच्या तुकडीच्या ताटातून उचलली जाते. कोण थांबला आणि कुणाच्या ताटातले कमी झाले, हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. तो आपण मांडला पाहिजे.

2020 साली काय झाले ते आठवा. मार्चमध्ये अमेरिकी वकिलातींनी नेहमीचे व्हिसाचे काम थांबवले. 6 जुलैला ट्रम्प सरकारने फर्मान काढले की ज्यांचे वर्ग पूर्ण ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि 14 जुलैला ते मागे घ्यावे लागले. पण ज्याचा अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन होता अशा नव्या परदेशी विद्यार्थ्याला त्या सत्रात अमेरिकेत शिरताच आले नाही. त्या वर्षी अमेरिकेत नव्याने दाखल होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या 43 टक्क्यांनी घसरली आणि जवळपास 40 हजार जणांनी प्रवेश पुढे ढकलला, असे तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशनच्या पाहणीत दिसले.

तिथल्या स्थानिक मुलांनीही तेच केले. हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे 20 टक्के मुलांनी वर्षभर थांबायचे ठरवले. फी पूर्ण आणि वर्ग ऑनलाइन, तर थांबलेले बरे, हा विचार चुकीचा नव्हता. पण प्रश्न ऐपतीचा आहे. वर्षभर घरी बसूनही ज्याचे काही बिघडत नाही तोच आनंदाने थांबतो. ज्याच्या घरात कमावते माणूस आजारी पडले, ज्याच्या बापाचे नाक्यावरचे काम बंद झाले, त्याचे थांबणे म्हणजे गॅप इयर नव्हे. ते बहुतेक वेळा कायमचे थांबणे असते.

आता पुढच्या तुकडीकडे या. हार्वर्डकडे 2020 च्या तुकडीसाठी 40,248 अर्ज आले होते, 2021 च्या तुकडीसाठी 57,435 आले. प्रवेश मिळाला 1,968 जणांना, म्हणजे शंभरात साडेतीनही नाहीत. शिवाय आदल्या वर्षीचे सुमारे साडेतीनशे जण रांगेत आधीच उभे होते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नव्यांना दिलेल्या प्रवेशांचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा फारसा कमी नव्हता. सगळा दोष थांबलेल्यांवर टाकता येणार नाही. पण अर्ज 43 टक्क्यांनी वाढले असताना प्रवेश वाढले नाहीत, हे तर उघड आहे.

आणि हे जादा अर्ज आले कुठून? परीक्षा केंद्रे बंद पडल्यामुळे एसएटीचे गुण देण्याची सक्ती उठली होती. ज्यांना महागडे क्लास परवडत नव्हते, ज्यांनी आजवर अर्ज करण्याचे धाडसच केले नव्हते, अशीही मुले त्यामुळे पुढे आली. त्या वर्षी हार्वर्डने प्रवेश दिलेल्यांत आफ्रिकन-अमेरिकन मुलांचे प्रमाण 18 टक्क्यांवर गेले. म्हणजे दार थोडे किलकिले झाले, पण नेमके त्याच वर्षी आतल्या खुर्च्यांवर आधीच रुमाल टाकलेले होते! पुढे 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत मोडीत काढली आणि 2024 मध्ये हार्वर्डने परीक्षेची सक्ती परत आणली. संधीची खिडकी किती लवकर बंद होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

2021 मध्ये आम्ही काही जण मिळून वस्तीतल्या आणि हॉस्टेलवरच्या मुलांचे एसओपी वाचून देत होतो. नकाराचे मेल आले की मुले एकच प्रश्न विचारत, "आमचं काय कमी पडलं?" यंदा अर्जांचा पूर आहे, मागच्या वर्षीचे लोकही रांगेत आहेत, हे सांगूनही त्यांना पटत नसे. आपल्या मुलांना नकाराचा अर्थ स्वतःच्या लायकीत शोधायची सवय या समाजाने लावली आहे. व्यवस्थेच्या गणिताला आपले अपयश समजायचे नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

मग डेफरलच नको का? अजिबात नाही. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती. पण परवानगीच्या कागदाने पोट भरत नाही. बडोद्यात त्यांना राहायला छप्पर मिळाले नाही. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली, शाहू महाराजांनी आणि नवल भथेना या मित्राने मदत केली, तेव्हा कुठे 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी. जागा थांबली होती, पैसा थांबला नव्हता. शंभर वर्षांनंतरही आपल्या मुलांची अडचण तीच आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. विद्यापीठांनी थांबलेल्यांसाठी जादा जागा काढाव्यात आणि किती जागा आधीच भरल्या आहेत, हे अर्जाची फी घेण्यापूर्वी जाहीर करावे. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला 75 जणांची निवड होते. संकटामुळे कुणाचा प्रवेश पुढे गेला तर त्याची शिष्यवृत्तीही पुढे गेली पाहिजे, आणि तो पुढच्या वर्षीच्या 75 मध्ये मोजला जाता कामा नये. वयाच्या अटीतही ते वर्ष वजा झाले पाहिजे. नाहीतर आपल्याच एका लेकराची जागा दुसऱ्याला देऊन सरकार हात झटकून मोकळे होईल.

आणि मित्रांनो, डेफरल घेण्याआधी फक्त जागा राहील का, एवढेच विचारू नका. फीमाफी, असिस्टंटशिप, शिष्यवृत्ती राहील का, हे लेखी घ्या. संकट पुन्हा येईल, तेव्हा महामारी नसेल तर युद्ध असेल किंवा व्हिसाचे नवे फर्मान असेल. तेव्हा थांबण्याचा हक्क फक्त ऐपतदारांचा राहू नये, यासाठी आजच निवेदने द्या, आजच संघटित व्हा.

जय भीम!