मुक्काम पोस्ट रत्नागिरी

रत्नागिरी शहरात भाट्याची खाडी, तिच्या मुखाशी फेसाळणारा समुद्र आणि पलीकडचे सुरूचे बन हे सारे एका नजरेत मावेल अशी जागा शोधू लागल्यास पाय आपोआप थिबा राजवाड्याच्या सड्याकडे वळतात. सडा म्हणजे कोकणातील डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. पावसाळ्यात त्याच्यावर गवत आणि रानफुले, उरलेल्या दिवसांत नुसता तापलेला कातळ. घरांच्या जाहिरातींत आज ‘सी व्ह्यू’ हे शब्द ठळक अक्षरांत छापले जातात, त्यांच्यापायी दर वाढवून सांगितला जातो, आणि तो मोजायची तयारी असणाऱ्यांत मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या जोडीने दुबई, मस्कत किंवा न्यू जर्सीहून निवृत्तीनंतरच्या मुक्कामाची चाचपणी करणारेही असतात. अशी जाहिरात वाचताना एक गोष्ट मनात अडकून राहते ती ही की, ज्या देखाव्यासाठी आता पदरचे पैसे मोजायचे, तोच देखावा ब्रिटिश सरकारने एका माणसावर सक्तीने लादला होता आणि वर त्याला पेन्शनही दिले होते.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८७८ मध्ये गादीवर आला आणि १८८५ च्या नोव्हेंबरात, जेमतेम पंधरवडा चाललेल्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, मंडालेच्या राजवाड्यातून उचलला गेला. युद्धाचे निमित्त सागवानाचे होते: ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या मुंबईच्या कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड ठोठावला आणि इंग्रजांना हवे असलेले कारण आयते हाती दिले. राजाला प्रथम मद्रासला व तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. रत्नागिरीची निवड का झाली असावी, हे त्या काळचा नकाशा पाहिला की कळते. आगगाडी नाही, मागे सह्याद्रीची भिंत, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात बोटींची ये-जाही बंद. ज्या गुणांना आता ‘निवांतपणा’ म्हणून भाव आहे, तेच गुण तेव्हा पहाऱ्याचा खर्च वाचवणारे होते. (कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ मध्ये, म्हणजे हा निवांतपणा सरकारने पुढे शंभर वर्षे चांगलाच जपला, असे म्हणायला हरकत नाही.)

राजासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. तोवर त्याची रत्नागिरीतली चोवीस वर्षे सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांत गेली होती, आणि नव्या वास्तूत त्याच्या वाट्याला आली ती सहाच वर्षे. जांभा, लाल विटा, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कमानीच्या खिडक्या आणि त्यांतल्या रंगीत काचा अशी ती इमारत दिसायला देखणी आहे. तिच्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. कोकणातल्या जुन्या घरांमधली ओटी किंवा पडवी मात्र, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने ‘काय म्हणता?’ असे विचारत सहज टेकावे अशी घराच्या पुढची मोकळी जागा, तिच्यात शोधूनही सापडत नाही. राजवाड्याला ती असायचे कारण नाही हे खरे. तरी म्हातारपणाची वास्तू म्हणून पाहिल्यास हा दोष लहान मानता येणार नाही.

थिबाबरोबर आलेल्या दोन राण्यांपैकी धाकटी १९१२ मध्ये वारली. तिचा देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा, ही कुटुंबाची मागणी सरकारने मानली नाही. डिसेंबर १९१६ मध्ये खुद्द थिबा गेला, तेव्हाही तेच घडले. अखेर १९१९ मध्ये दोघांनाही रत्नागिरीतच समाधी देण्यात आली आणि त्यानंतर कुठे मागे राहिलेल्या माणसांना मायदेशी जाण्याची मुभा मिळाली. थोडक्यात, परतण्याची परवानगी आली ती, ज्याला परतायचे होते तो मातीत कायमचा मुक्कामाला गेल्यावर. दिल्लीचा बहादूरशहा जफर याला १८५८ मध्ये रंगूनला धाडून १८६२ मध्ये तिथेच पुरले गेले होते, तेव्हा राजांची ही अदलाबदल साम्राज्याच्या चोपडीत जमा-खर्च जुळवून झाली, असेच म्हणायचे.

या हकिगतीत कादंबरीकारांचे आणि इतिहासकारांचे लक्ष राजाकडे आणि त्याच्या करारी थोरल्या राणीकडे, सुपायलातकडे, जाते. निवृत्तीचा मुक्काम कोठे करावा या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र त्यांच्या चार मुली अधिक बोलक्या आहेत. थोरल्या दोघी मंडालेत जन्मल्या. तिसरी मद्रासच्या मुक्कामात, तर चौथी रत्नागिरीत. दुसरीने बापाच्या पदरच्या ब्रह्मी चिटणिसाशी घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केले आणि पुढे हिमालयाच्या कुशीत कालिंपाँगला बिऱ्हाड थाटले. तिसरी आणि चौथी ब्रह्मदेशात गेल्या; चौथी तिथे राजघराण्याच्या हक्कांसाठी इतकी आग्रहाने बोलू लागली की, सरकारने तिला रंगूनपासून दूर मौलमीनला ठेवले. सुपायलात राणी रंगूनलाच १९२५ मध्ये वारली. मंडाले तिला पुन्हा लाभले नाही.

थोरली राजकन्या फाया जी हिने जे केले ते कोणत्याही हिशेबात बसणारे नाही. राजाच्या बंगल्याच्या पहाऱ्यावरील एका विवाहित मराठी नोकराशी तिचे संबंध जुळले होते आणि १९०६ मध्ये तिला त्याच्यापासून मुलगी झाली होती. १९१९ मध्ये ती आई-बहिणींबरोबर रंगूनला गेली. जिच्या नावाने तीस वर्षे अर्जविनंत्या झाल्या ती मायभूमी, आपली भाषा, आपला धर्म आणि रस्त्यात वाकून नमस्कार करणारी माणसे हे सारे तिथे होते. तरीही काही काळाने ती आपल्या लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली. राजवाडा आता तिचा नव्हता, बाप समाधीत होता, आणि ज्याच्यासाठी ती आली त्याच्या घरात दुसरी बाई हक्काने नांदत होती. सरकारी पेन्शनवर ती रत्नागिरीतच राहिली आणि १९४७ साली तिथेच गेली. लेकीचे लग्न मराठी घरात झाले, आणि तिची पुढची पिढी तर रत्नागिरीचीच झाली.

या निर्णयाचा उलगडा करताना प्रेम, लोकलज्जा, आईशी न पटणे अशी कारणे सांगितली जातात, आणि ती खोटी असतील असे नाही. परंतु एक साधी गोष्ट त्यांत निसटते. रत्नागिरीत आली तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती आणि निघाली तेव्हा चाळिशीला टेकली होती. मृगाच्या आधी वारा कसा फिरतो, कोळिणीशी घासाघीस कोणत्या सुरात करायची, दारी आलेल्याला पाण्याबरोबर गूळ द्यायचा की नाही, हे सगळे जिला एका ठिकाणचे ठाऊक असते, तिला वंशावळीने दाखवलेला देश परकाच. बापाला रत्नागिरी लादली गेली होती; तिने ती निवडली, आणि साऱ्या राजघराण्यात मनासारखे घर मिळालेली बहुधा हीच एक.

निवृत्त होऊ पाहणाऱ्या आजच्या माणसापुढे निवडीला वाव आहे, निदान तसा तो कागदावर दिसतो. थायलंडमध्ये वयाची पन्नाशी उलटलेल्या परदेशीयास बँकेत आठ लाख बाथ दाखवून निवृत्तीचा परवाना मिळतो. दुबईने २०२० मध्ये पंचावन्न वर्षांपुढील सधन निवृत्तांसाठी तशीच सोय काढली. अमेरिकेत स्थायिक झालेल्यास गावी परतायचे असल्यास ‘मेडिकेअर’ची, म्हणजे पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याची, अडचण येते, कारण काही मोजके अपवाद वगळता तो विमा अमेरिकेबाहेरच्या उपचारांना लागू होत नाही, आणि रत्नागिरीतला गंभीर आजारी रुग्ण अजूनही आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा थेट मुंबईला न्यावा लागतो, हे ज्याच्या घरी एकदा घडले त्याला समुद्राचा देखावा पुढे फारसा दिसत नाही. जो नागरिक झालेला नाही, केवळ ‘ग्रीन कार्ड’वर म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर आहे, त्याला फार काळ बाहेर राहायचे असल्यास आधी परत-प्रवेशाचा दाखला काढावा लागतो, आणि त्याची मुदत दोन वर्षांची असते.

असल्या दाखल्याची कोकणाला ओळख जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी केप टाउनला पोटासाठी गेलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांना गावी येताना वसाहतीच्या सरकारकडून परवाना घ्यावा लागे. त्याच्यावर छायाचित्र आणि बोटांचे ठसे असत, आणि ठरल्या मुदतीत परत न पोचल्यास केपमधला हक्क बुडे. आईचे दुखणे लांबले, मुलीचे लग्न पुढे गेले, पावसाने बोट चुकली, की माणूस कायमचा गावचा झाला. घरी राहणे हे त्याने ठरवलेले नसे. ते चुकलेल्या तारखेने ठरवलेले असे. आखाताची गोष्ट याच्या उलट, आणि एका अर्थी सोपी आहे, कारण तिथला राहण्याचा परवाना सहसा नोकरीला बांधलेला असतो, नागरिकत्व जवळपास कुणाला मिळत नाही, आणि नोकरी सुटली की परतणे हाच रिवाज. म्हणून मिरकरवाडा-राजिवडा या रत्नागिरीतल्या वस्त्यांत ‘परत यावे की नाही’ यापेक्षा ‘कधी’ याचीच चर्चा अधिक. संशयाचा रोग जडतो तो, ज्याला दोन्ही दारे उघडी आहेत त्याला.

हा संशय गावच्या घराच्या छपरावर नेमका वाचता येतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो तिरपा पडतो. त्या माऱ्याला ‘झड’ म्हणतात. कौलारू घर दर मे महिन्यात शाकारावे लागते, म्हणजे फुटकी कौले बदलून, सरकलेली जागेवर बसवून, खालचे वासे-रिपा तपासून घ्याव्या लागतात. एक वर्ष हे चुकले तर माजघराच्या भिंतीवर ओल उतरते, दुसऱ्या वर्षी रिपेला वाळवी लागते, तिसऱ्या वर्षी वानरांच्या उड्यांनी कोसळलेल्या कौलांतून न्हाणीघरात आभाळ दिसू लागते. परदेशातला मालक तोवर वाडीतल्या कुणा वहिनीकडे किल्ली आणि वर्षाला काही रक्कम पाठवत असतो; पुढे तो पत्रे घालतो. पत्र्याचे छप्पर स्वस्त, टिकाऊ आणि अतिशय कुरूप असते, उन्हाळ्यात भट्टी होते, आणि पावसात त्याच्याखाली बसलेल्या दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. म्हातारपणी कान गेलेल्यांना त्याचे काही वाटणार नाही, हा युक्तिवाद ऐकायला मिळतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही.

जमिनीचा कायदा या संशयात भर घालतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार परदेशस्थ भारतीयाला, तसेच ‘ओसीआय’ म्हणजे परकीय नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड असणाऱ्याला, भारतात सदनिका घेता येते, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आले तर ठेवता येते. म्हणजे हापूसची दहा कलमे लावावीत आणि पाच-सहा वर्षांनी त्यांची फळे चाखावीत, असा बेत करणाऱ्याला ती जमीन आज्या-पणज्याकडून आलेली असावी लागते. (रायवळ चोखून खाणाऱ्यांना हापूसचा एवढा बडेजाव पटत नाही, आणि त्यांची बाजू दुबळी आहे असे म्हणवत नाही.) वारसाने आलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर, म्हणजे मालकी आणि पीक नोंदवणाऱ्या महसुली उताऱ्यावर, चुलते, आत्या, त्यांची मुले अशी नावांची रांग असते, तिच्यातले कुणी डोंबिवलीला, कुणी शारजात, कुणी हयात नसलेले. सगळ्यांच्या सह्या गोळा होईतो निवृत्तीचे वय मागे पडलेले असते.

मॉरिशसच्या मराठी माणसांना परतावे की नाही हा प्रश्न पडत नाही. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत गेले, आणि बहुतेकांनी परतीचा विचार तिथेच सोडला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या आगमनाची दप्तरे जपली आहेत. त्यांतून पूर्वजाचे नाव, बापाचे नाव, जिल्हा आणि इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे लिहिलेले गाव असा धागा घेऊन तिथले एखादे कुटुंब अधूनमधून मूळ शोधत कोकणात येते. कागदावर जिल्हा ‘रत्नागिरी’ असतो, म्हणून ते रत्नागिरीच्या कचेरीत जाते. पण रत्नागिरी जिल्ह्याचे १९८१ मध्ये दोन तुकडे झाले आणि मालवण, वेंगुर्ले, देवगड हे तालुके नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेले, ज्याची कचेरी ओरोसला आहे. त्यामुळे गावाच्या नावावरून बोट फिरवत कारकून बऱ्याचदा एवढेच सांगू शकतो की, हे आमच्याकडे नाही, तुम्हाला ओरोसला जावे लागेल.