आधी छंदाची खुशाली

शिवाजीनगरच्या स्थानकात मेट्रोत बसले, की गाडी काही वेळ जमिनीखालून धावते, मग उजेडात येते आणि बोपोडी सोडताच मुळा नदी ओलांडते. वाचकहो, या पुलावरून जाताना आपण क्षणभर खिडकीबाहेर पाहावे. चिंचवडहून आलेली पवना येथेच जवळ, दापोडीपाशी, मुळेला मिळते आणि ते पाणी पुढे पुण्यात मुठेच्या संगमावर जाते. त्या संगमालगत आमचे अभियांत्रिकी महाविद्यालय. १८५४ साली सुरू झालेल्या या संस्थेतून आम्ही चौघे मित्र १९७१ मध्ये बाहेर पडलो आणि नोकरीसाठी पाण्याच्या उलट दिशेने, पिंपरी-चिंचवडकडे निघालो. आयुष्यभराची रोजीरोटी आम्हाला त्याच पट्ट्याने दिली.

आपल्यापैकी ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांना हे चित्र आठवेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य लाभलेल्या या कारखान्याने देशातील असंख्य घरांत औषध पोहोचवले. मग साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या, ट्रक आणि स्कूटरचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. प्राधिकरणाने आखलेली घरे तरुण कामगारांसाठी होती. त्याच घरांसमोरच्या बागांतील बाकांवर आज पंचाहत्तरीची माणसे बसलेली दिसतात. भोंग्याच्या वेळी सायकली काढणारे ते हात आता गोळ्यांच्या डबीचे कप्पे भरत असतात.

आम्हा चौघांना एकमेकांची खरी नावे घेण्याची सवय उरलेली नाही. एक चिंचवडकर, एक प्राधिकरणकर आणि एक भोसरीकर. भोसरीकराने नोकरी सोडून भोसरीत स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढले होते. मी पुण्यात राहिलो, म्हणून मला ते ‘पाहुणा’ म्हणतात. दर वर्षी एकदा भेटायचे, हा आमचा रिवाज आहे.

गेल्या वर्षीच्या भेटीत मात्र एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे, कारण ती आपल्याही मंडळात घडत असेल. आम्ही महामार्गावरच्या एका गजबजलेल्या उपाहारगृहात जमलो. बसल्याबरोबर आपण जे करतो, तेच सुरू झाले. मुलगा कोठे असतो? नात कितवीत आहे? सून नोकरी करते का? प्राधिकरणकराने जर्मनीतील मुलाच्या नव्या घराची छायाचित्रे दाखवली. मी नातवाच्या दहावीच्या गुणांचे कौतुक सांगितले. भोसरीकराची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “सगळं ठीक आहे,” आणि कॉफी अर्धी ठेवून उठला. त्यानंतर सात-आठ महिने त्याने कोणाचाही फोन घेतला नाही. त्याची पत्नी त्या वर्षीच गेली होती, हे आम्हाला ठाऊक होते. वर्कशॉप विकण्यावरून मुलाशी अबोला झाला होता, हे ठाऊक नव्हते.

मित्र गमावणे ही उतारवयात किरकोळ बाब नसते. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला प्रौढ जीवनाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. जिव्हाळ्याच्या नात्यांचा उतारवयातील आरोग्याशी आणि समाधानाशी निकटचा संबंध असतो, हे त्यातून वारंवार दिसले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमी सांगितल्या. त्यांत उच्च रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर ऐकू कमी येणे व एकाकीपणा यांचाही समावेश आहे. तेव्हा रक्तदाबाची गोळी जितक्या निष्ठेने घ्यावी, तितक्याच निष्ठेने जुन्या मित्राचा माग काढावा.

या वर्षी आम्ही रीत बदलली. उपाहारगृहाऐवजी प्रत्येकाच्या ठिकाणी थोडा वेळ जायचे ठरवले. आणखी एक नियम केला. आधी छंदाची खुशाली विचारायची. कुटुंबाचा विषय ज्याचा त्याने हवा तर काढायचा.

पहिला मुक्काम चिंचवडगाव. महापालिका स्थानकावर लिफ्टने खाली उतरून मी रिक्षा केली. मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापाशी पवनेचा घाट आहे. पायऱ्या निसरड्या असतात, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनी वरच्या बाजूलाच बसावे. नदीचे पाणी आता पूर्वीसारखे निर्मळ नाही, जलपर्णीही दिसते. तरीही सकाळच्या उन्हात मंदिराची घंटा ऐकत तेथे बसणे मनाला निववते.

आमचा चिंचवडकर महाविद्यालयात बोट क्लबचा गडी होता. संगमावरच्या पाण्यात वल्ही मारताना त्याचे दंड पाहून आम्ही त्याला ‘नावाडी’ म्हणत असू. गेली तीन वर्षे त्याला स्मृतिभ्रंश आहे. सकाळी काय खाल्ले, हे त्याला सांगता येत नाही. कधी कधी तो वहिनींनाही “आपण कोण?” असे आदराने विचारतो. त्या दिवशी घाटावर त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी नाव सांगितले नाही, परीक्षाही घेतली नाही. नुसते म्हणालो, “नावाड्या, त्या शर्यतीत आपल्या बोटीत पुढे कोण बसायचं रे?” त्याने सहाही जणांची नावे ओळीने सांगितली. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाला, “आणि हा नुसता काठावरून ओरडायचा.”

असे का होते? या आजारात बहुधा ताज्या घटना आधी पुसल्या जातात आणि तरुणपणाच्या आठवणी अधिक काळ तग धरतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले, की वृद्धांनी गतायुष्यात रमणे ही केवळ दुर्बलता नसून आयुष्याचा हिशेब मांडण्याची स्वाभाविक क्रिया आहे. महाविद्यालयीन मित्राजवळ त्या हिशेबाची दुसरी प्रत असते. घरच्यांनी त्या माणसाला वडील, पती, सासरे म्हणून पाहिलेले असते. तो विसाव्या वर्षी कसा हसत होता, हे मित्रालाच ठाऊक असते. मात्र “मला ओळखलंस का?” असा प्रश्न अशा मित्राला कधीही विचारू नये. उत्तर आले नाही, तर दोघांनाही दुःख होते.

आपण काळजीवाहक असाल, तर पुढील गोष्ट आपल्यासाठी आहे. आम्ही नावाड्याला दिवसभरासाठी बरोबर नेले. जाताना वहिनींनी त्याच्या खिशात नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी घातली. औषधांच्या वेळा माझ्या डायरीत लिहून दिल्या आणि पाण्याची बाटली व बदलायचे कपडे पिशवीत ठेवले. संध्याकाळी परतल्यावर मी विचारले, “वहिनी, दिवसभर काय केलंत? बहिणीकडे गेला होतात का?” त्या किंचित ओशाळून म्हणाल्या, “नाही हो भाऊजी. दार लावलं आणि झोपले. तीन वर्षांत अशी झोप लागली नव्हती.” आजाऱ्याच्या मित्रांना आपण बहुतेक वेळा फळे घेऊन येताना पाहतो. त्यांनी फळांऐवजी चार-पाच तास आणले, तर त्याहून मोठी भेट नाही. आणि असे तास मागण्यात काळजीवाहकांनी संकोच मानू नये.

चिंचवडहून आम्ही निगडी प्राधिकरणात गेलो. येथील सरळ आखलेले रस्ते आणि दुतर्फा झाडे पायी फिरणाऱ्याला सुखावतात. जवळच्या दुर्गा टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. प्राधिकरणकर गुडघ्यांमुळे आता टेकडी चढत नाही. त्याने सत्तरीत मोडी लिपी शिकायला घेतली आणि आज तो घरातील जुनी खरेदीखते वाचतो. पणजोबांनी आंब्याच्या दोन झाडांवरून भावाशी केलेला करार त्याने आम्हाला वाचून दाखवला. मग मी माझी प्रगती सांगितली. गेल्या वर्षापासून मी पोळ्या करायला शिकतो आहे आणि अजून एकही गोल झालेली नाही. मनसोक्त हसून झाल्यावर प्राधिकरणकर सहज म्हणाला, “मुलाचा दर रविवारी फोन येतो. पण सोमवार ते शनिवार मी टीव्हीसमोर बसून एकटाच जेवतो.” गेल्या वर्षी जर्मनीतील घराची छायाचित्रे दाखवताना हे वाक्य त्याच्या ओठांवर आले नव्हते.

तेथून तळवडेमार्गे, इंद्रायणी ओलांडून चाकण. कारखाने, कंटेनर आणि वाहनांच्या रांगा यांमुळे या रस्त्यावर वेळेचा भरवसा धरू नये. मधुमेह असलेल्यांनी खाण्याचे काहीतरी जवळ ठेवावेच. चाकण म्हटले की एके काळी कांद्याचा बाजार आठवे, आता मोटारी आठवतात. गावातील संग्रामदुर्ग या भुईकोटाचे थोडे बुरूज आणि तटाचे अवशेष उरले आहेत. १६६० साली शायिस्ताखानाच्या मोठ्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी हा लहानसा किल्ला सुमारे दोन महिने लढवला होता.

भोसरीकर आता चाकणला मुलीकडे राहतो. आम्ही येणार, असे मुलीला कळवले होते. त्याला तिने सांगितले होते की नाही, हे आम्ही विचारले नाही. दार त्यानेच उघडले. चेहरा कोरडा होता. “या,” एवढेच म्हणाला. मी आत शिरता शिरता नियमाप्रमाणे विचारले, “काय रे, सध्या हात कशात गुंतलेत?”

तो थोडा थांबला आणि आम्हाला मागच्या बाल्कनीत घेऊन गेला. वर्कशॉप विकले, तेव्हा एक छोटा लेथ त्याने विकला नव्हता. त्यावर तो लाकडी भोवरे बनवतो. इमारतीत बिहार, ओडिशा, विदर्भ येथून कारखान्यांत आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. दर शनिवारी ती भोवरे न्यायला येतात. खालची आर नेमकी मध्यावर बसली नाही, तर भोवरा डगमगतो, हे तो आम्हाला दहा मिनिटे समजावत होता. वर्कशॉपमधला त्याचा जुना आवाज परत आला होता. नावाड्याने न विचारता जाळी गुंडाळली आणि भोवरा फरशीवर सोडला. तो स्थिर फिरला. हात विसरले नव्हते.

जेवायला पिठले, भाकरी आणि चाकणचा कांदा होता. मुलगी ताटे वाढून आत गेली, तेव्हा भोसरीकर म्हणाला, “मागच्या वर्षी तुम्ही विचारलंत, मुलगा काय करतो. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. वाटलं, ज्याच्याकडे सांगायला काही नाही, त्यानं येऊच नये.” मग कोणी न विचारता त्याने सगळे सांगितले. आम्ही सल्ला दिला नाही. प्राधिकरणकराने फक्त त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मुलाशी असलेला अबोला अजून संपलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मात्र आता तो दर बुधवारी प्राधिकरणकराला फोन करतो आणि दोघे फोन चालू ठेवून एकत्र जेवतात.

वाचकहो, संसाराची बातमी सर्वांजवळ सारखी नसते. कोणाचे मूल परदेशी असते, कोणाचे दुरावलेले असते, कोणाचे गेलेले असते. त्या प्रश्नापुढे कोणी उंच ठरतो, कोणी उघडा पडतो. छंदाच्या प्रश्नापुढे मात्र वाकडी पोळी आणि डगमगता भोवराही चालतो. “मुलं काय करतात?” याआधी “तू काय करतोस?” असे विचारून पाहा.

अशी भेट ठरवताना थोडी पथ्ये पाळावीत. एकावेळी तीन-चार जणच जमावेत. ऐकू कमी येणाऱ्याला भिंतीकडे पाठ करून, पंख्यापासून दूर बसवावे आणि त्याच्या समोर बसून बोलावे. स्वच्छतागृह जवळ आहे ना, हे आधी पाहावे. एसटीने प्रवास करणार असाल, तर राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची सवलत आहे, ओळखपत्र मात्र जवळ हवे. एखादा मित्र फोनच घेत नसेल, तर त्याच्या घरच्यांना विचारावे. तो एकटा, आजारी किंवा अडचणीत आहे असे कळले, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर सल्ला घेता येतो.

रात्री परतताना मेट्रो पुन्हा त्या पुलावर आली. खाली अंधारात चिंचवडचे पाणी संगमाकडे चालले होते. माझ्या खिशात एक भोवरा होता. भोसरीकराने निघताना तो हातात देत सांगितले होते, “पुढच्या वर्षी परत आण. आर बदलून देतो.”