लातूर, टँकरचे दिवस

८ एप्रिल २०१६, शुक्रवार
गुढीपाडवा. पुरणाचा घाट घातला नाही, त्या भांड्यांना पाणी फार लागतं. गुढी मात्र उभारली. धनेगावला मांजरा धरण कोरडं पडलंय, शहरात पाणी भरायच्या ठिकाणी मार्चपासून जमावबंदी आहे. दुपारी ऊन मी म्हणतं, तरी कूलर बंद ठेवलाय. दिवसाकाठी दोन-तीन बादल्या सहज पितो तो.

१२ एप्रिल, मंगळवार
पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गल्लीत सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. मग कागद घेऊन भागाकार केला. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांवर होती, म्हणजे माणशी जेमतेम सव्वा लिटर. कृष्णेचं पाणी एवढ्या लांबून येतंय त्याचं मोल आहेच, पण घर चालवायचं तर घरातलंच पाणी पुरवून वापरायला हवं.

सासूबाईंची भांडी घासायची रीत आज नीट पाहिली. खरकटं आधी राखेने कोरडंच पुसून काढतात. मग दोन घमेली. पहिल्यात साबण उतरवायचा, दुसऱ्यात विसळायचं. पहिलं घमेलं गढूळ झालं की ते संडासच्या बादलीत जातं, दुसरं पहिल्याच्या जागी सरकतं आणि नवं पाणी फक्त शेवटच्या विसळणीला. चार माणसांची भांडी अर्ध्या बादलीत निघाली. कपड्यांनाही हाच क्रम लावला. शेवटचं खळबळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीचे कपडे भिजवायला ठेवायचं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. मुलं परातीत उभी राहून आंघोळ करतात.

१६ एप्रिल
टँकर आला आणि शेजारच्या काकूंनी पिंपातलं उरलेलं पाणी मोरीत ओतायला घेतलं. "शिळं झालंय गं ते." मी हात धरला. म्हटलं, काकू, धरणात हेच पाणी महिनोन्‌महिने असतं, तिथे शिळं होत नाही. झाकलेल्या पिंपात दोन दिवसांत काय होणार? नळाला पाणी सुटलं की आधीचं ओतून द्यायचं, ही सवय घरोघरी आहे आणि गळक्या नळापेक्षा जास्त पाणी तीच घालवते, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा मात्र पिंप रिकामं करून, घासून, कोरडं करायलाच हवं. डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्या दिवशी निघालेलं पाणी फरशी पुसायला. काकूंनी चार घागरी वाचवल्या.

२० एप्रिल, बुधवार
आज पन्नास वाघिणींची गाडी. पंचवीस लाख लिटर, माणशी साडेसहा. जुन्या धाटणीची फ्लशची टाकी एकदा दाबली तरी याहून जास्त पाणी जातं. आमच्या फ्लशचा कॉक कधीच बंद केलाय.

रात्री पुण्याहून धाकटीचा फोन. "ताई, तुमचे हाल बघवत नाहीत, मी काय करू?" तिच्याकडे दिवसभर नळ असतो. तिला म्हटलं, पाण्याने भरलेली लिटरची बाटली बूच लावून फ्लशच्या टाकीत उभी कर, दर वेळी लिटर वाचेल. स्वयंपाकघरातल्या नळाचं वायसर बदल, सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला वीसेक लिटर जातं. शुद्धीकरणाच्या यंत्राची नळी बादलीत सोड, लिटरभर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं. ते क्षारांचं असतं, रोज कुंड्यांना नको, संडासला आणि फरशीला चालतं. दाढी करताना जावईबापूंना नळ बंद करायला सांग, हेही सांगितलं. ती लिहून घेत होती.

१ मे, रविवार
गच्चीचं माप घेतलं. सहाशे चौरस फूट. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाचशे लिटर होतात, वाया जाणारं वजा केलं तरी साडेचारशे हाती लागावेत. आतापर्यंत हे पाणी पन्हाळीतून सरळ गटारात जात होतं. प्लंबर येऊन बघून गेला. पाइप, जाळी, आणि पहिल्या पावसाचं धूळमातीचं पाणी बाहेर सोडायला वेगळा कॉक. सासूबाई म्हणाल्या, "सोनं मोडावं लागलं तरी चालंल, पण मृगाच्या आधी बसव." उद्या सकाळी तो सामान घेऊन येतोय.