उसनवारीचे दप्तर

हस्तलिखितांच्या एका संग्रहालयात मी काही काळ दप्तराची व्यवस्था पाहत होतो. शतकांपूर्वीची पोथी वाळवीपासून वाचावी म्हणून जी माणसे तिला रुमालात बांधून जिवापाड जपतात, तीच माणसे आपल्या कारभाराचे कागद मुदत सरताच निःशंक मनाने रद्दीच्या हवाली करतात, हे तेथे प्रथम माझ्या दृष्टीस पडले. सरकारी कचेऱ्यांच्या शिरस्त्याप्रमाणे आमच्याकडेही कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग होते, आणि पोथ्यांच्या देवघेवीचा पत्रव्यवहार 'क' वर्गात, म्हणजे अल्पायुषी कागदांत, मोडत असे.

नाशाच्या यादीवर सही होण्यापूर्वी त्यातला एक गठ्ठा मी चाळावयास घेतला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले आणि १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची धुरा वाहिली, हे सर्वविदित आहे. परंतु शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्यांचे पाठ चौकटीच्या कागदावर अक्षराखाली अक्षर मांडून ताडून पाहावयाचे, तर त्या पोथ्या आधी त्यांच्या मालकांनी हातून सोडावयास हव्यात. दूरच्या पोथ्यांसाठी तंजावरच्या सरस्वती महालात आणि शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत पाठ ताडण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. अशा प्रचंड उद्योगामागे जी भिडस्त, सावध आणि क्वचित रुसवेफुगवे असलेली पत्रापत्री चालते, तिचे स्वरूप मला आमच्या त्या लहानशा गठ्ठ्यावरून उमगले: जामीनकतबे, विमा उतरवून पाठविलेल्या पुडक्यांच्या पोचा, मुदतवाढीच्या विनंत्या, आणि वर्षभर पोथी ठेवून घेणाऱ्या विद्वानांस धाडलेले अत्यंत विनयशील तगादे. (तगाद्याची भाषा ही, माझ्या मते, मराठी गद्याची एक उपेक्षित शाखा आहे.)

त्या गठ्ठ्यात पोथी उसनी नेणाऱ्या एका संस्थेची पोच होती, आणि तिच्यावर तेथील कारकुनाने पत्रे मोजून 'सतरावे पत्र आरंभापासूनच नाही' असा शेरा मारला होता. आमच्या छापील सूचीत मात्र ती पोथी संपूर्ण म्हणून नोंदलेली होती, व ते पत्र त्या संस्थेनेच गहाळ केले अशी कुजबूज आमच्या कचेरीत पुष्कळ वर्षे चालू होती. शेऱ्याने तो कलंक तर पुसलाच, शिवाय सूची करणाऱ्याने पत्रे मोजलीच नव्हती हेही उघड झाले.

मी बारनिशीची जुनी पुस्तके व देवघेवीची सर्व पत्रे 'अ' वर्गात घालण्याची शिफारस केली. चिटणीसांनी जागेची अडचण सांगितली, ती खरीही होती. अखेर प्रत्येक पोथीच्या सूचीपत्रकात तिच्या उसनवारीच्या नोंदींचे जावक क्रमांक लिहावयाचे, आणि पलीकडच्या दप्तरातील अर्ध्या पत्रव्यवहाराच्या नकला मागवावयाच्या असे ठरले. दोन संस्थांनी तत्काळ नकला धाडल्या. तिसरीने ते कागद आपल्या नियमानुसार पूर्वीच नष्ट केल्याचे सौजन्यपूर्वक कळविले, तेव्हा तिच्या पत्रांपैकी जी आमच्याकडे शिल्लक होती त्यांच्याच नकला आम्ही तिला उलट पाठविल्या.